देनआत्याची छत्रीवाली

देनआत्याचं खरं नाव झ्देन्का. आमच्या गावात आजवर एकालाही ते धड म्हणता आलेलं नाही, आणि कुणी फार जीव तोडून प्रयत्नही केला नाही. आजीने पहिल्याच दिवशी त्यातलं मधलं अक्षर उचललं आणि बाकीचं सोडून दिलं. देन म्हणजे आमच्या भाषेत काळी. बाई गोरीपान, डोळे पावसाच्या पाण्यासारखे, पण आठ दिवसांत तिचे हात कोपरापर्यंत शाईने असे माखले की नाव तिला शोभायला लागलं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आज ती सत्तरीच्या पुढे आहे, काठी घेऊन चालते, आणि मी शाई जाड कालवली की अजून माझ्यावर डाफरते.

ती आली ब्रनोहून. तिकडे कुठेतरी थंडीच्या देशात ते शहर आहे एवढंच आम्हाला ठाऊक. आमच्या शेजारच्या ह्वे शहरातल्या चित्रशाळेत वर्षभर शिकवायला म्हणून आली होती. एका रविवारी सायकल मारत गावात शिरली, आमच्या अंगणात बाबा चित्रं छापत बसले होते ते बघायला उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत हललीच नाही. दुपारी आजीने तिच्यासमोर शिंपल्यांच्या भाताचा वाडगा ठेवला. मिरचीने तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तरी तिने वाडगा चाटूनपुसून साफ केला. निघताना एवढंच विचारलं, उद्या येऊ का. आजी म्हणाली, ये. तो उद्या काही संपला नाही. वर्ष सरलं, शाळेचं काम सुटलं, ती आमच्या मागच्या खोलीत राहायला आली. परवान्याच्या कागदांची तिची दरवर्षीची रडकथा वेगळीच, ती सांगत बसत नाही.

आमच्या घरात सहा पिढ्या चित्रं छापतात. त्यातलं मुख्य चित्र छत्रीवालीचं. मधोमध ती बसलेली, डोक्यावर मोठी छत्री, दोन बाजूंना दोन दासी. तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाआधी प्रत्येक घर नवी छत्रीवाली नेतं आणि देव्हाऱ्याजवळ चिकटवतं. वर्षभर तिने त्या घरातल्या बायकामुलींची राखण करायची. वर्ष संपत आलं की तिला काढून अंगणात जाळायचं, म्हणजे घरची इडापिडा घेऊन ती वर जाते, आणि तिच्या जागी दुसरी येते. थोडक्यात, आम्ही छापतो ते जाळण्यासाठी. शहरातलं कुणी बाबांना विचारायचं, एवढ्या मेहनतीचं जळताना वाईट नाही वाटत? बाबा उलट विचारायचे, तुमच्या घरी रांधलेला भात संपला की रडता का?

देनआत्या तिकडे अठरा वर्षं हेच काम करत आली होती, पण धातूच्या पत्र्यावर, तेजाबाने, म्हशीएवढ्या लोखंडी चरकात घालून. इथे सगळं जमिनीवर. फणसाच्या लाकडाचा ठसा, केवड्याचं मूळ ठेचून केलेला कुंचला, आणि कागद पाठीमागून घासायला वाळलेल्या घोसाळ्याची जाळी. ती जाळी बघून ती इतकी हसली की ठसक्याने लाल झाली. तिच्या देशात म्हणे त्याने पाठ घासतात. बाबांनी पहिलं वर्षभर तिला ठशाला हात लावू दिला नाही. शिंपल्यांची पूड कुटायला बसवलं. ती पूड खळीत कालवून कागदाला फासतात, म्हणजे कागदाला मंद चकाकी येते. कुटून कुटून तिच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या आणि ती तशीच अंगणातल्या दोऱ्यांवर वाळत घातलेल्या कागदांमधून हिंडायची. वारा आला की सगळे कागद एकदम हलायचे, चमकायचे, आणि ती डोळे मिटून उभी राहायची. आजी म्हणायची, या बाईला झोपेत चालायची सवय दिसते, विहिरीवर झाकण घाला.

बाराव्या, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या महिन्यात आमच्याकडे झिमझिम लागते ती लागतेच. नदी आणि आभाळ एकाच रंगाचं होतं, होड्या मध्येच कुठेतरी टांगल्यासारख्या दिसतात. त्या दिवसांत देनआत्या लाकूड मांडीवर घेऊन दारात बसायची आणि तिच्या भाषेत त्याच्याशी पुटपुटायची. मी एकदा विचारलं, काय बोलतेस? म्हणाली, वाट विचारते.

तिसऱ्या वर्षी बाबांनी तिला फणसाची फळी दिली. त्यांच्या हातच्या छत्रीवालीचं नाक झिजून गेलं होतं, नवी कोरायला हवी होती, आणि बाबांची नजर अधू व्हायला लागली होती हे ते कबूल करत नव्हते. देनआत्याने तीन महिने घेतले. छत्री तीच, दासी त्याच, बसणं तेच. फक्त तिच्या छत्रीवालीने मान किंचित वळवली होती, मागून कुणी हाक मारावी तशी. बाबांनी पहिला छाप उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, कान जरा वर गेलाय. बाबांकडून याहून मोठी शाबासकी मी आयुष्यात ऐकलेली नाही. दुसऱ्या दिवशी आत्याने पन्नास छापले, मायाळूच्या फळांचा जांभळा आणि बदामाच्या पानांचा हिरवा रंग भरला, आणि प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत, आपलं नाव घातलं. पूर्ण नाव.

आजीने ते बघितलं. बाबांनी बघितलं. आजीने मला स्वयंपाकघरात नेऊन दम दिला की यावर एक शब्द बोलायचा नाही, पाहुणी आहे, तिच्या देशाची रीत असेल.

गावाने ती चित्रं हौसेने नेली. केवढी सुंदर, केवढी नाजूक, असं म्हणत नेली. पण नेऊन देव्हाऱ्याजवळ लावली नाहीत. कुणी बाहेरच्या खोलीत टांगली, कुणी काच लावून, कुणी कपाटाच्या दारावर आतून. आणि दोन दिवसांनी तीच माणसं मागच्या दाराने येऊन बाबांच्या जुन्या ठशावरची, नाक गेलेली छत्रीवाली हळूच घेऊन गेली. तेव्हा आत्याच्या हे लक्षात आलं नाही. ते वर्ष सरताना आलं. वर्षअखेरीस अंगणाअंगणात धूर होता, आणि ती दारोदार हिंडून बघत होती की आपली कुठे जळते का. एकही नाही. सगळ्या भिंतीवर, ठणठणीत.

दुसरी एखादी असती तर खूश झाली असती, की लोक आपलं काम जपून ठेवतात. ही खचली. तिने मनाशी पक्कं केलं की आपण कोरतो ते नुसतं चित्र होतं, छत्रीवाली होत नाही. तिच्यात काही उतरतच नाही, म्हणून लोक तिच्यावर घर सोपवत नाहीत. तिने ठसा बाजूला ठेवला आणि नवा कोरला. मान सरळ केली. लोकांनी तोही भिंतीवर लावला. मग तिसरा कोरला, डोळे मोठे केले. चौथ्यात बाबांच्या जुन्या ठशाची रेघ न् रेघ उचलली, नाकसुद्धा झिजलेलं कोरलं. सहा वर्षांत सहा ठसे. बोटांना भोकं पडली, उजवा खांदा उतरला. प्रत्येक वर्षी नवा ठसा, नवी आशा, आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तेच नाव.

आणि आम्ही गप्प. ह्वेकडची माणसं अशीच. तोंडावर वाईट बोलायचं नाही, मग समोरच्याचा जीव टांगणीला का लागेना. मला त्या गप्प राहण्याची आजही लाज वाटते.

मी अठरा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. बारावा महिना, झिमझिम तिसऱ्या आठवड्यात शिरलेली, कागद वाळेचनात. मी पडवीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून वर दोरी बांधली होती आणि छाप वाळवत होते. आत्या आत आजीबरोबर आल्याच्या वड्या थापत होती. वाऱ्याचा एक झोत आला, दोरी सुटली, आणि तीन कागद शेगडीवर पडले. दोन बाबांचे, एक आत्याचा. मी काही विचार केला नाही. आत्याचा कागद पेटला होता तो दोन्ही तळव्यांनी दाबून विझवला. वर मान केली तर आत्या दारात उभी. तिने माझे हात रांजणात बुडवले, तांदळाची खळ फासली, आणि मग शेजारी बसून शांतपणे विचारलं.

"थ्वा, हा कागद जाळायचाच असतो ना?"

"हो, आत्या."

"तुझ्या बाबांचे दोन जळून गेले. तिकडे तू बघितलंही नाहीस. माझा एकच का विझवलास?"

मी आजीकडे बघितलं. आजी आल्याची वडी थापत राहिली. तिने नको म्हटलं नाही, म्हणून मी बोलले.

"त्यावर तुझं नाव आहे. ज्याचं नाव लिहून जाळतो त्याला ते पोचतं. आणि पोचतं ते फक्त पलीकडे गेलेल्यांना. जिवंत माणसाचं नाव जाळलं, तर तिकडचे समजतात की हा माणूस येतोय. मग ते न्यायला येतात."

"म्हणून कुणी जाळत नाही?"

"कोण जाळेल? तुला मारायचंय का कुणाला?"

"हे सगळ्या गावाला माहीत आहे?"

"शेंबड्या पोरालाही."

"सहा वर्षं."

आता आजी बोलली. आजीला सगळा गाव मे म्हणायचा, आमच्याकडे आजीला तेच म्हणतात. ती म्हणाली, "तू एवढ्या हौसेने नाव घालतेस, पोरी. पाहुण्या माणसाला कसं सांगायचं?"

"पाहुणी?" आत्या म्हणाली. "मे, नऊ वर्षं या घरातली भांडी मी घासतेय."

तिला हसू आलं. आधी हळू, मग खांदे हलेपर्यंत. तिची सहा वर्षं, सहा ठसे, उतरलेला खांदा, आणि त्या सगळ्या वेळात गाव तिच्या जिवाला जपत होता. आजीही हसायला लागली. मग आत्याचं हसू कुठेतरी वाटेत थांबलं, आणि तिने माझ्या हातातला तो करपलेला कागद घेऊन कोपऱ्यावर बोट ठेवलं. नाव शाबूत होतं.

त्या दुपारी तिने पहिल्यांदा नवऱ्याबद्दल सांगितलं. ब्रनोत दोघांची मिळून कार्यशाळा होती. पत्रे ही कोरायची, छाप ही काढायची, आणि कोपऱ्यात नाव तो घालायचा. स्वतःचं. लोकांना त्याचं नाव माहीत आहे, तुझं नाही, त्यात काय एवढं, असं तो म्हणायचा आणि तिलाही काही काळ ते पटलं होतं. अकरा वर्षं. एकदा एका प्रदर्शनात एका म्हाताऱ्या बाईने तिच्याच चित्रासमोर उभं राहून तिला विचारलं, तुम्हीही काही करता का? त्या रात्री तिने पेटी भरली. इथे पहिल्या छापावर नाव घातलं तेव्हा ती म्हणे दुपारभर त्या अक्षरांकडे बघत बसली होती. आम्हाला वाटलं होतं की जेवायचं विसरली.

"नाव काढ असं मला सांगू नकोस, थ्वा," ती म्हणाली. मी सांगितलंच नव्हतं.

बाबांना संध्याकाळी कळलं. मला बोलणी बसली, तोंडाला कुलूप नाही म्हणून. मग ते आत्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. बाबा फार बोलणारे नव्हते, त्यामुळे जे बोलले ते मला पाठ आहे.

"नाव ठेवलंस तर भिंत आहे, काच आहे, त्यात काही कमीपणा नाही. नाव काढलंस तर देव्हारा आहे आणि मग आग आहे. दोन्ही चांगलं. पण एकाच कागदाला दोन्ही मिळायचं नाही. मी तुला शिकवलं त्यात हे सांगायचं राहिलं, ती चूक माझी."

"मला विचार करू दे, ख्येमदादा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती खाजणात शिंपले वेचणाऱ्या बायकांबरोबर होडीतून निघून गेली. जाताना कपड्यांचं एक बोचकं नेलं. दिवस सणाच्या तोंडचे, कामाचा डोंगर, आणि ही नाही. माझ्या मनात आलं की आता ही जाणार, आपल्या देशात परत जाणार, आणि माझ्या तोंडामुळे जाणार. सहाव्या दिवशी मला राहवेना. केळीच्या पानात भात बांधून मी मासेवाल्याच्या होडीत बसले.

खाजणात वारा नव्हता. पाणी राखाडी, आभाळ राखाडी, मधे मासेमारीच्या काठ्यांच्या रांगाच रांगा धुक्यात चालत गेलेल्या. आवाज फक्त वल्ह्याचा. आत्या होडीच्या कडेला बसून जाळ्यातले शिंपले निवडत होती. मी शेजारी बसले, भात दिला. ती सावकाश जेवली. मग मी विचारलं, तू परत जाणार आहेस का.

"कुठे?" ती म्हणाली, आणि तिने ते खरंच न कळल्यासारखं विचारलं.

मला रडू फुटलं. तिने ओल्या हाताने माझं डोकं कुशीत घेतलं, तिच्या हाताला शेवाळाचा वास येत होता, आणि मला तिचं स्वप्न सांगितलं. त्या होडीत झोपली असताना तिला रोज एकच स्वप्न पडत होतं. पाण्यावरून छत्र्या घेतलेल्या बायका चालल्यात. खूप बायका, एकामागून एक, पाऊल न भिजवता. त्यातल्या काही तिने कोरलेल्या, काही बाबांनी, काही बाबांच्या बाबांनी. ती किनाऱ्यावर उभी राहून आपली कुठली ते शोधते.

"पहिल्या दिवशी मला माझी सापडली," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी वेळ लागला. काल नाही सापडली."

"मग?"

"मग काही नाही. त्या जात होत्या. कुणीही थांबली नाही, आणि मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं."

ती माझ्याबरोबरच परत आली. आल्या आल्या तिने आपला पहिला ठसा काढला, मान वळवलेल्या छत्रीवालीचा, त्यावरची पाच वर्षांची धूळ पुसली आणि छापायला बसली. ऐंशी कागद. रंग भरून झाला की तिचा हात पेन्सिलीकडे जायचा. तो दर वेळी जायचा, मी बघत होते. मग ती तो हात मांडीवर पुसायची आणि पुढचा कागद घ्यायची. साठाव्या-सत्तराव्या कागदापर्यंत हे चाललं होतं. हे तिला सोपं गेलं असं कुणी म्हणत असेल तर त्याने तो हात बघितलेला नाही.

पहिलं गिऱ्हाईक तामकाकी, पलीकडच्या घरची. तोंडाने फटकळ, गावात सगळ्यांची खबर ठेवणारी. तिने कागद घेतला, कोपरा बघितला. दुसरा कोपरा बघितला. उलटा केला. उजेडात धरला. छत्रीच्या झालरीतून नख फिरवलं.

"कुठे लपवलं नाहीस ना?" तिने विचारलं.

"नाही, तामताई."

"केसांत? कपड्यांच्या नक्षीत? तुझा काही भरवसा नाही, बारीक कोरतेस तू."

"शपथ घेऊ?"

"घे."

आत्याने आजीच्या देव्हाऱ्यासमोर शपथ घेतली, आमच्या भाषेत आणि मग खात्रीसाठी तिच्या भाषेत. तामकाकीने छत्रीवाली नेली आणि देव्हाऱ्याजवळ लावली. मग बाकीचेही आले.

पुढचं अख्खं वर्ष वाट बघण्यात गेलं. आत्या कुणाकडेही जेवायला गेली की बसायची ती देव्हारा दिसेल अशी. तामकाकीची सून वर्षाच्या मध्यावर बाळंतपणात अडली, दोन दिवस कळा देत होती, शेवटी पोर आणि आई सुखरूप सुटली. तामकाकीने येऊन काही सांगितलं नाही, फक्त एक मोठं पपनस आत्याच्या उंबऱ्यावर ठेवून गेली. आणि मी मनात म्हणत राहिले की वर्षअखेरीस माणसं कचरतील. नाव नसलं तरी हात तिचाच आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एखादी म्हणेल, कशाला विषाची परीक्षा, राहू दे भिंतीवर. एकीने म्हटलं की सगळ्या म्हणणार.

बाराव्या महिन्याच्या अखेरीस एका दुपारी झिमझिम थांबली. तामकाकीच्या अंगणात पत्र्याचं पिंप ठेवलं होतं, उदबत्त्या लावल्या होत्या. मी आणि आत्या गेलो. आत्या अंगणात शिरली नाही, फाटकाजवळच्या सुपारीला टेकून उभी राहिली. तामकाकीने छत्रीवाली देव्हाऱ्याजवळून काढून आणली. वर्षभराच्या धुराने ती पिवळी पडली होती, पण वळलेली मान तशीच होती. काकीने काडी ओढली, कागदाजवळ नेली, आणि थांबली. फुंकर मारून काडी विझवली.

आत्याने मान खाली घातली. मला तामकाकीचा असा राग आला की काय सांगू.

"देन, इकडे ये," तामकाकी म्हणाली.

"मी इथूनच बघते, ताई."

"बघायला कोण बोलावतंय? ये म्हणते ना."

आत्या गेली. काकीने तिचं मनगट धरलं. नुसतं धरलं नाही, बाजारातून पळणारं कोंबडं धरावं तसं आवळलं.

"नाव नाही लिहिलंस, कबूल," ती म्हणाली. "पण हात तुझाच लागलाय हिला. तिकडच्यांनी ओळखलं आणि बोलावलं, तर सरळ सांगायचं, तामने धरून ठेवलंय, येता येत नाही. थ्वा, तू काडी ओढ. माझा एक हात गुंतलाय."

मी काडी ओढली. आधी छत्री पेटली, मग दासी, सगळ्यांत शेवटी तो चेहरा. शिंपल्याची पूड असल्यामुळे ज्वाळेत मधूनच चमक उठत होती. आत्या रडत होती, आवाज न करता, नाक ओढत. फाटकाबाहेर शेजारच्या दोन बायका आपापल्या छत्रीवाल्या घेऊन उभ्या होत्या आणि बघत होत्या की आत्याला काही होतं का.

"ताई, दुखतंय," आत्या म्हणाली.

"दुखू दे," तामकाकी म्हणाली, आणि कागदाची राख होऊन ती राखही गार पडेपर्यंत तिने मनगट सोडलं नाही.